शेकोटीचा चिरा दर वर्षी का फुटतो?

आमच्या परसातली शेकोटी तीन वर्षांत तीनदा फुटली. तिन्ही वेळा तुळशीचं लग्न लागून गेल्यावर, आणि तिन्ही वेळा मोसमातल्या पहिल्याच मोठ्या जाळाला. पहिल्या वर्षी फाट्‌कन आवाज झाला तेव्हा वाटलं, दिवाळीचा राहिलेला एखादा फटाका पोरांनी आत टाकला. त्यांच्यावर यथेच्छ ओरडून झाल्यावर दिसलं, की वर्तुळातल्या एका चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याचा, तळहाताएवढा पापुद्रा उडून बाकाखाली जाऊन पडलाय. उचलायला गेले तर बोटं भाजली. त्या क्षणी बाकावर कोणी बसलेलं नव्हतं, हे नशीब.

गोव्यात शेकोटी हवीच कशाला, असं माझी पुण्याची नणंद दर वेळी विचारते. जानेवारीत पारा वीसच्या आसपास आला की आम्ही शाली काढतो, याचं तिला हसू येतं. पण डिचोलीकडे त्या दिवसांत अंगणात दव पडतं, डास असतात, बाजारात कणगी नावाचे कंद आलेले असतात, आणि निखाऱ्यात भाजलेलं कणग खाल्लेला माणूस हा प्रश्न पुन्हा विचारत नाही. नणंदेनंही खाल्लंय. तरी विचारते.

तर मुद्दा फुटण्याचा. पहिल्या वर्षी नुसते चिरे गोल रचले होते. फुटलेला बदलला आणि दुसऱ्या वर्षी सगळ्या सांध्यांत सिमेंट भरलं, म्हटलं आता हलणार नाही. हललं नाही, पण पहिल्याच मोठ्या जाळाला दोन चिरे उभे तडकले आणि चार शेकोट्यांत सिमेंटचा भुगा झाला. तिसऱ्या वर्षी भाच्यानं नदीतले गुळगुळीत गोटे आणून आतून छान लावून दिले. फोटोत फार सुंदर दिसायचे. ते तर असे फुटले, की आम्ही पाठीमागच्या पडवीत पळालो. तिन्ही उपाय वेगळे होते आणि तिन्हींत मी एकच गोष्ट सोडून दिली होती. ती शेवटी बांधकाम करणाऱ्या आमच्या मेस्तांनी एका वाक्यात सांगितली. त्यांनी उडालेला तुकडा हातात घेतला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "बाये, चिरो उदक पिता."

चिरा पाणी पितो. अगदी खरं. आपला जांभा खाणीतून काढताना हत्यारानं तासता येईल इतका मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कडक होत जातो, पण कडक झाला तरी त्याची भोकं कुठे जात नाहीत. तुकडा डोळ्यांजवळ धरून पाहा: मधमाशीच्या पोळ्यासारखी बिळं, काहींत पिवळट माती. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ एकशेवीस इंच, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बासिलिकेचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, गिलावा गेल्या शतकाच्या मध्यात काढल्यापासून तिच्या उघड्या चिऱ्यांची काळजी जाणकार करत आले आहेत, ती याच पाण्यापायी. एवढी भव्य भिंत पाऊस पिते, तर परसातलं दीड फुटाचं कडं किती पीत असेल!

नोव्हेंबरात तो चिरा वरून कोरडा ठणठणीत दिसतो. आत ओल असते. आपण एकदम मोठा जाळ करतो, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते सोळा-सतराशे पट जागा मागतं. बिळांतून हळूहळू निघायला वाफेला वेळ मिळाला तर ठीक, नाहीतर ती पापुद्राच ढकलून बाहेर येते. नदीच्या गोट्यांचं आणखी वाईट. त्यांच्यात पाणी बारीक भेगांतून शिरलेलं असतं आणि बाहेर पडायला वाट तेवढीच अरुंद. म्हणून ते चिऱ्यापेक्षा जोरात फुटतात. नदीतला किंवा ओढ्यातला दगड शेकोटीत लावू नका, कितीही देखणा असला तरी. या एका बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

आधी फुटलं कुठे ते बघा

दुरुस्ती करण्याआधी दिवसाउजेडी, सगळं गार असताना, खाली बसून नीट पाहा. पापुद्रा आतल्या, म्हणजे जाळाकडच्या तोंडाचा उडाला असेल आणि खालचा भाग ताज्या विटेसारखा दिसत असेल, तर दोष ओलीचा. जाळ लागून चिरा जास्तच लाल झालेला दिसेल. जांभ्यातल्या पिवळट लोहखनिजात पाणी बांधलेलं असतं, ते साधारण तीनशे अंशांच्या आसपास निघून जातं आणि रंग लाल होतो. हा लाल झालेला थर पुढे हातानं चुरतो. म्हणजे चिरा अगदी कोरडा असला, तरी थेट जाळ अंगावर घेणं हे त्याचं काम नव्हे.

सांध्यातलं सिमेंट पिठासारखं होऊन खिळ्यानं निघत असेल, तर ओल हे एकमेव कारण नाही. साधं सिमेंट चारशे-पाचशे अंशांना आतून मोडतं, आणि लाकडाचे निखारे सहाशेच्या पुढे सहज जातात. माल कमी घातला, गवंड्यानं फसवलं, असं काही नसतं. चांगल्यात चांगलं सिमेंटही तिथे टिकत नाही.

चिरा वरपासून खालपर्यंत उभा तडकला असेल, तर कडं घट्ट बांधलं गेलंय. तापलं की फुगायला जागा नाही. आमचं दुसऱ्या वर्षीचं हेच.

आणि तडा रात्रीच्या जाळात न जाता शेकोटी विझवल्यावर गेला असेल, तर बादलीनं पाणी कोणी ओतलं ते घरात विचारा. आमच्याकडे ते मीच होते.

ओलीबद्दल शंका असेल तर एक सोपी परीक्षा. रचलेल्यातला एक सुटा चिरा काढा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर समजा, अजून जाळ नको. दिवाळीनंतर आठवड्यानं मी ही परीक्षा केली तेव्हा पिशवीच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी साठलं होतं. तो चिरा हाताला पूर्ण कोरडा लागत होता.

खड्डा खणू नका

परदेशी पद्धतीच्या शेकोटीचे आराखडे पाहून लोक परसात हात-दीड हात खड्डा खणतात. कोरड्या मुलखात तो चालत असेल. आपल्याकडे तो पावसाळ्यात विहीर होतो, नंतर ऑक्टोबरभर चिखल, आणि त्याच्या भिंती खालून ओल ओढत राहतात. आम्ही चौथ्या वर्षी शेकोटीचा तळ जमिनीच्या वर घेतला. सगळ्या दुरुस्तीतला हाच खरा बदल, बाकीचं त्याच्या मागून येतं.

वरची काळी माती आठ-नऊ इंच काढली आणि तिथे वीस मिलिमीटरची खडी भरून ठोकली. जागा किंचित उताराची घेतली आणि खालच्या अंगाला खडीचीच एक पट्टी परसाच्या पाटापर्यंत नेली, म्हणजे आत शिरलेलं पाणी थांबत नाही. त्यावर चिऱ्यांचे दोन थर गोल रचले, सिमेंटशिवाय. दोन थरांची उंची चौदा इंचांच्या आसपास झाली. आतल्या पोकळीत पुन्हा पाच इंच खडी, वर वाळूचा पातळ थर. हा झाला तळ, जमिनीपासून पाच इंच वर.

आता जाळाकडचं तोंड. इथे फायरब्रिक्स, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटा लागतात, नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांच्या. आतला व्यास तीन फूट धरला तर परीघ एकशेतेरा इंच होतो. विटा उभ्या लावल्या की प्रत्येक विटेला साडेचार इंच, म्हणजे पंचवीस विटा पुरतात. उभी वीट नऊ इंच, खाली पाच इंच तळ, बरोबर चौदा. साधी भाजलेली वीट चालेल का, असं मलाही वाटलं होतं. एक-दोन मोसम चालते, मग सोलते. फायरब्रिक हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही. मला गावच्या पोदेराकडून (पाववाल्याकडून) वाट सापडली. पावाची भट्टी कोण दुरुस्त करतो ते त्याला विचारा. त्या माणसाकडे विटाही असतात आणि त्या जोडायची जाळ सोसणारी माती, फायरक्लेही.

विटांच्या सांध्यात फायरक्ले अगदी पातळ लावायचा. विटा चौकोनी आणि कडं गोल, त्यामुळे मागच्या बाजूला पाऊण इंचाची पाचर उरते; तिथे फायरक्लेत विटेचा चुरा मिसळून भरला. विटा आणि बाहेरचे चिरे यांच्यात दोन इंच मोकळी फट ठेवली आणि विटा मागे कलू नयेत म्हणून फुटक्या मंगलोरी कौलांचे तुकडे अधूनमधून बसवले. ही फट म्हणजे वायफळ जागा आहे असं समजून आमच्या घरातल्या एकानं (नाव सांगत नाही, फळ मिळालंय) तीत उरलेलं सिमेंट ओतायला घेतलं होतं. फटीमुळेच विटांना फुगायला जागा मिळते आणि चिऱ्याला थेट ताप लागत नाही. आता भर जाळ असताना बाहेरच्या चिऱ्याला हात लावता येतो.

तळाशी चार दिशांना चार भोकं सोडली, चार ठिकाणी अर्धीच वीट वर अडकवून, आणि बाहेरच्या चिऱ्यांतही समोरासमोर फट. हवा खालून मिळाली की धूर निम्म्यानं कमी झाल्यासारखा वाटतो.

फायरब्रिकवर खर्च करायचा नसेल तर सासूबाईंचा उपाय आहे. त्यांच्या न्हाणीतली चूल चिऱ्याचीच आहे, तिच्यावर रोज पाण्याचं भाण तापायचं, आणि ती कधी फुटली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "अगं, चिऱ्याला जाळ लागू दिला तर फुटेल ना!" आतून दोन बोटं जाड मातीचं अस्तर: वारुळाची माती, भाताचा तूस आणि शेण, मळून दोन दिवस मुरवलेलं. सुकताना भेगा पडतात, त्या पुन्हा लिंपायच्या. तूस जळून बारीक पोकळ्या राहतात आणि ताप चिऱ्यापर्यंत कमी पोचतो. उघड्यावरच्या शेकोटीत मात्र हे अस्तर पावसात विरघळतं, दर वर्षी नव्यानं करावं लागतं. आणि वारूळ कुठलंही फोडू नका. गोव्यात सातेरी देवी वारुळातच बसते, एखाद्या रोयणीला (वारुळाला) शेंदूर-फूल नसलं तरी गावात आधी विचारलेलं बरं. आम्ही माती आणली ती पाडलेल्या कुंपणातली.

पहिला जाळ

नवी बांधणी असो की जुनी, पावसाळ्यानंतरचा पहिला जाळ मोठा करायचा नाही. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या आणि दोन-चार करवंट्या, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी तासभर, थोडं वाढवून. तिसऱ्या दिवशी आणखी. फटीतून वाफ येताना दिसली तर लाकूड वाढवायचं नाही, आहे तेवढंच चालू ठेवायचं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बाहेरच्या चिऱ्यांवर ओलसर डाग उमटले आणि तासाभरात गेले. ते पाणी आतून निघालं होतं. हे तीन दिवस मुलांना बाकांपासून लांब ठेवा आणि स्वतःही वाकून आत पाहू नका.

धूर डोळ्यांत जातो, ही दुसरी नेहमीची तक्रार. तिचं कारणही ओलच, फक्त लाकडातली. पाऊसभर उघड्यावर पडलेलं लाकूड नोव्हेंबरात आणून पेटवलं तर ते आधी आपलं पाणी उकळतं, मग जळतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक, वाजणारा आवाज आला तर सुकलंय, बद्द आवाज आला तर नाही. आम्ही मार्चमध्ये फोडून माडीखाली रचतो आणि नोव्हेंबरात वापरतो. आकेशिया, सुरू चांगलं जळतं. काजूचं लाकूड तडतडून ठिणग्या उडवतं, ते मी आतल्या न्हाणीसाठी ठेवते. करवंटीचा निखारा झकास. सोडणं (नारळाची सालं) धुमसतात, डासांना चालतात, कणग्यांना नाही. चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) भप्पकन पेटतात आणि त्यांचे जळते पापुद्रे वर उडतात, म्हणून पेटवायला फक्त चिमूटभर. परसातली कण्हेर छाटली तर तिच्या फांद्या अजिबात टाकू नका, तिचा धूर विषारी असतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक हेही नको. कचरा तर नाहीच: उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार, असा दंड राष्ट्रीय हरित लवादानं 2016 सालीच ठरवून दिलाय.

काजूच्या मोसमात कोणी तरी हौसेनं काजूच्या बिया शेकोटीत टाकतं. बियांच्या सालातलं तेल कातडी भाजवणारं असतं, ते पेटतं आणि पिचकारीसारखं उडतं, धूरही डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. बिया भाजायच्या तर जुन्या छिद्राच्या पत्र्यावर, लांब काठीनं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून. ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांनाच ते करू द्या.

जागेबद्दल थोडक्यात, कारण हे बहुतेकांना माहीत असतं आणि तरी चुकतं. घरापासून, लाकडाच्या राशीपासून आणि गॅसच्या सिलिंडरपासून दहा फूट हे कमीत कमी. आमची पंधरा फुटांवर आहे. कौलारू घराची वळचण खाली आलेली असते, तिथून मोजा, भिंतीपासून नाही. वर माड नको, विजेची तार नको. सेप्टिक टँकच्या झाकणाजवळ नको. भोवती पाच-सहा फूट पाला झाडून घ्यायचा, आणि फेब्रुवारीनंतर तर रोज. 2023 च्या मार्चमध्ये शेजारच्या सत्तरीत म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हेलिकॉप्टरनं पाणी टाकावं लागलं होतं. त्या दिवसांतला वाळका पाला किती सहज पेट घेतो ते ज्यानं पाहिलंय तो झाडू हातात घेतोच. आमच्याकडे मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत शेकोटी बंद असते. वारा सुटलेल्या संध्याकाळीही बंद. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांपैकी काहीही जाळावर ओतायचं नाही. ओढणी नायलॉनची असेल तर लोंबती न ठेवता घट्ट बांधून बसायचं. चटका बसला तर वीस मिनिटं नळाखाली वाहतं पाणी, टूथपेस्ट आणि खोबरेल तेल नको. मोठं काही झालं तर 101 आगीला, 108 रुग्णवाहिकेला.

विझवताना

बादलीभर पाणी लालबुंद विटांवर ओतलं की वीट तडकतेच, वर राख-वाफेचा लोट तोंडावर येतो. पण न विझवता झोपायला जाणं त्याहून वाईट. आम्ही उठायच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवतो, निखारे फावड्यानं मधोमध पसरतो, आणि उरलेले एकेक उचलून पाण्यानं अर्ध्या भरलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. मागे राहिलेल्या राखेवर झारीनं थोडं थोडं पाणी, काठीनं ढवळत, भिंतींना न लावता. हाताची पालथी बाजू राखेच्या वर धरून ऊब लागत नाही तोवर हेच. निखारे ऊब म्हणून बंद खोलीत न्यायचे नाहीत, त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो.

सोडणांवर विशेष लक्ष. ते वरून काळे पडतात आणि आतून रात्रभर जागे राहतात. दुसऱ्या वर्षी मी सकाळी राख गार समजून प्लॅस्टिकच्या बादलीत भरली आणि माडाच्या आळ्यात टाकायला म्हणून पायरीवर ठेवली. चहा पिऊन आले तर बादलीला तळच नव्हता आणि पायरीवर नाण्याएवढा निखारा लुकलुकत होता.

पावसाळ्यात ताडपत्री थेट गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. आम्ही कडेच्या चिऱ्यांवर चार विटा ठेवून वर पन्हाळीचा पत्रा टाकतो, पत्र्यावर दोन चिरे वजनाला. पाऊस अडतो, वारा खेळतो. ऑक्टोबरात पत्रा उचलताना मात्र लांबून, काठीनं. कोरडी, उबदार, भोकं असलेली जागा फुरशालाही आवडते. गेल्या वर्षी आत वाळूवर एक भला मोठा बेडूक बसला होता. भाचा त्याला काठीनं हाकलायला निघाला, तर सासूबाईंनी त्याला थांबवलं. तीन दिवस पत्रा अर्धा उघडा ठेवून आम्ही वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी तो नव्हता, आणि संध्याकाळी आम्ही मूठभर काटक्या आणि दोन करवंट्या आत ठेवल्या.